अंब्रेला कंपनी निवडताना काय पाहावं? (यूकेतले कॉन्ट्रॅक्टर, इकडे या)

स्लाउकर

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं स्पॉन्सर कंपनीत पगारदार होतो. आयएलआर (कायम राहण्याचा परवाना) झाल्यावर आता पहिल्यांदा कॉन्ट्रॅक्ट घेतोय. लंडनमधली बँक, टेस्टिंगचं काम, दिवसाला ४०० पौंड, इनसाइड आयआर३५ (म्हणजे कर नोकरदारासारखाच). बँक लिमिटेड कंपनी चालवून घेत नाही, अंब्रेलातूनच (म्हणजे एजन्सीकडून पैसे घेऊन आपल्याला पगारावर ठेवणाऱ्या मधल्या कंपनीतून) या म्हणते. एजंटने चार अंब्रेलांची यादी पाठवली आहे आणि "शुक्रवारच्या आत एक निवडा" म्हणून सारखा फोन करतोय.

त्यात एका ओळखीच्या माणसाने पाचव्याच कंपनीचा नंबर दिला. त्यांच्याशी बोललो. म्हणे बाकीच्यांकडे तुम्हाला ६० टक्के हातात मिळतील, आमच्याकडे ८२. सगळं कायदेशीर आहे, 'एचएमआरसी अप्रूव्ह्ड' (म्हणजे इथल्या करखात्याने मान्य केलेलं) आहे, मोठ्या वकिलाचं लेखी मत आहे. फक्त पगार दोन भागांत जमा होईल.

हा २२ टक्क्यांचा फरक येतो कुठून? आणि त्या चारांमधली तरी कशी निवडायची? वेबसाइटी पाहिल्या तर सगळेच पहिल्या नंबरचे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भटकंती

वाचनखूण साठवली. माझंही लवकरच हेच होणार आहे. हिशेबनीस कुठे आहेत? त्यांच्या प्रतिसादाच्या प्रतीक्षेत.

हिशेबनीस

आलो. (पोटापाण्यासाठी पेरोलचंच काम करतो. कुठल्याही अंब्रेलाशी लागेबांधे नाहीत, म्हणून मोकळेपणी लिहितो.)

स्लाउकर, पहिली गोष्ट. ४०० हा तुमचा पगार नाही. एजन्सी अंब्रेलाला जे पैसे देते, त्याचा तो आकडा. अंब्रेला तुमची कायद्याने मालक, म्हणजे मालकाने भरायचा एनआय (नॅशनल इन्शुरन्स, पगारावरचा सामाजिक विम्याचा कर) तिने भरायचा. पण तिच्याकडे तुमच्या रेटशिवाय दुसरा पैसाच नाही. त्यामुळे मालकाचा एनआय, अप्रेंटिसशिप लेव्ही (प्रशिक्षणासाठी मालकांवरचा कर) आणि तिची स्वतःची फी हे सगळं आधी त्या ४०० मधून जातं. उरेल तो तुमचा ग्रॉस पगार. त्यावर पुन्हा तुमचा इन्कम टॅक्स आणि तुमचा एनआय. नवे लोक इथेच दचकतात, "दोनदा एनआय कापला" म्हणून भांडतात. कापला बरोबरच आहे, चीड आणणारा आहे हेही खरं.

आता तुमचाच आकडा घेऊ. पाच दिवसांचे २,००० पौंड. अंब्रेलाची फी २० धरली. मालकाचा एनआय एप्रिल २०२५ पासून १५ टक्के, आठवड्याला ९६ पौंडांच्या वरच्या रकमेवर. लेव्ही अर्धा टक्का. समीकरण सोडवलं की ग्रॉस येतो सुमारे १,७२७. मालकाचा एनआय २४५, लेव्ही ९. या १,७२७ मध्ये तुमचा हॉलिडे पेही आला. मग नेहमीच्या १२५७एल या टॅक्स कोडवर (ठरावीक करमुक्त रक्कम धरून) टॅक्स ४४९, तुमचा एनआय ७३. हातात आले १,२०५. म्हणजे साठ टक्के. पेन्शन धरलेलं नाही.

यातला कुठला आकडा अंब्रेला आपल्या मनाने बदलू शकते? फक्त २० पौंडांची फी. बाकी सगळं सरकारने ठरवलेलं. दोन सरळ चालणाऱ्या अंब्रेलांच्या हातातल्या रकमेत फरक पडला तर तो आठवड्याला पाच-दहा पौंडांचा. त्याहून जास्त दिसला तर कुणाचा तरी कर भरला जात नाहीये.

आता तुमचे ८२ टक्केवाले. हे बहुधा असं करतात: किमान वेतन दाखवायचं. सध्या तासाला १२.७१, साडेसदतीस तासांचे ४७७ पौंड. त्यावर टॅक्स-एनआय रीतसर कापायचा, तुमच्या हातात ४११. उरलेले १,२२९ 'कर्ज', 'ॲडव्हान्स', 'ॲन्युइटी', 'शेअर ऑप्शन', 'ग्रँट' असलं काही नाव देऊन दुसऱ्या खात्यातून पाठवायचे. झाले १,६४०, म्हणजे तुमचे ८२ टक्के.

पण २,००० चा हिशेब पुरा करा. पगार ४७७, त्यावरचा मालकाचा एनआय आणि लेव्ही मिळून ५९, 'कर्ज' १,२२९. बेरीज १,७६५. राहिले २३५. ते कुठे गेले? त्यांच्या खिशात, दर आठवड्याला. साधी अंब्रेला २० घेते, हे २३५ घेतात. सरकारकडे पोचायला हवे होते ७७५, पोचले १२५. म्हणजे ६५० पौंडांची तूट, त्यातले ४३५ तुम्हाला जास्तीचे मिळाले आणि २१५ त्यांना. पुढे नोटीस मात्र तुमच्या पत्त्यावर येणार.

मु_पो_हॅरो

हिशेबनीस, तुमचं गणित ठीक आहे हो. पण माझ्या माहितीतला एक जण अशाच कंपनीतून तीन-चार वर्षं काम करतोय. ८० च्या वर मिळतात, काही झालेलं नाही. दर महिन्याला पे-स्लिप येते, त्यावर टॅक्स कापलेला दिसतो. एवढं बेकायदेशीर असतं तर सरकारने बंद केलं नसतं का? इथे मराठी माणूस नुसता घाबरत बसतो आणि बाकीचे घरं घेऊन मोकळे होतात.

सोलापूर_टू_साउथॉल

"काही झालेलं नाही" याच्यापुढे "अजून" लिहायचं राहिलं, हॅरोवाले.

आमच्या मावसभावाची गोष्ट सांगते, कारण पत्रं वाचून दाखवायला तो माझ्याकडेच यायचा. २०११ ते २०१४ तो अशाच एका कंपनीतून काम करत होता. तेव्हा पैसे एका बेटावरच्या ट्रस्टकडून 'कर्ज' म्हणून यायचे. कंपनी कधीच गुंडाळली गेली, संचालक गायब. मग २०१७ च्या फायनान्स कायद्यात लोन चार्ज आला. ५ एप्रिल २०१९ ला फेडायची राहिलेली अशी सगळी कर्जं त्या एकाच वर्षाचं उत्पन्न धरली गेली. चार वर्षांचा पैसा एका वर्षात, म्हणजे वरच्या टक्क्याने कर. लोकांनी इतकी ओरड केली की सरकारला सर एमियास मोर्स यांच्याकडून फेरआढावा घ्यावा लागला. डिसेंबर २०१९ मध्ये त्यातून मुख्यतः एवढं सुटलं, की ९ डिसेंबर २०१० च्या आधीची कर्जं वगळली आणि रक्कम तीन वर्षांत विभागायची सवलत दिली. भाऊ त्या तारखेनंतरचा. त्या वगळण्याचा त्याला काही उपयोग झाला नाही.

या प्रकरणात माणसांनी जीव दिले आहेत, हे इथल्या संसदेत बोललं गेलंय. कुणाला घाबरवायचं म्हणून लिहीत नाही.

आणि एक गंमत ऐका. कर भरून झाल्यावर त्याला एका तिसऱ्याच कंपनीचं पत्र आलं: ते 'कर्ज' आम्ही विकत घेतलंय, आता परतफेड करा. कागदावर सही होतीच ना! कर्ज म्हणून पैसे घ्यायचे आणि ते खरं कर्ज नाही असं मनात धरायचं, मग दोन्हीकडून मार.

हिशेबनीस

ताई, अगदी बरोबर.

हॅरोकर, पे-स्लिपवर टॅक्स दिसतो, पण किती रकमेवर? ४७७ वर. तुमच्या माहितीतल्या माणसाला एचएमआरसीचं ॲप उघडायला सांगा. त्यात मालक कंपनीने त्याचा पगार किती कळवलाय ते दिसतं. बँकेत वर्षाला ७५ हजार आलेत आणि ॲपमध्ये २५ हजार दिसताहेत, तर त्याला उत्तर मिळेल. चौकशीची मुदत साधारण चार वर्षं, निष्काळजीपणा धरला तर सहा, मुद्दाम केलं म्हटलं तर वीस. तीन-चार वर्षांत काहीच झालं नाही यात नवल ते काय?

आणि 'एचएमआरसी अप्रूव्ह्ड' असं काही नसतं. एचएमआरसी कुठल्याही अंब्रेलाला मान्यता देत नाही. काही जण एसआरएन नावाचा क्रमांक दाखवतात. तो २००४ पासूनच्या डोटास नियमाखाली 'ही कर टाळण्याची योजना असू शकते' असं स्वतःहून कळवल्यावर मिळतो. म्हणजे जो क्रमांक पाहून पळायचं, तोच हे प्रमाणपत्र म्हणून मिरवतात. वकिलाचं मत मागून बघा, पूर्ण कागद देत नाहीत. ते मत तुमच्यासाठी लिहिलेलंही नसतं.

मु_पो_हॅरो

बरं, ॲपचं त्याला सांगतो. मी फक्त जे दिसलं ते लिहिलं.

बंड्या_चिंचपोकळी

एजंट का मागे लागलाय ते मी सांगतो. यादीतल्या प्रत्येक नावामागे त्याला काही ना काही मिळत असणार. सगळेच घेतात असं नाही, पण बरेच घेतात. शुक्रवार-बिक्रवार काही नसतं. आपल्याकडे फ्लॅट विकणारा "आज बुकिंग केलंत तरच हा भाव" म्हणतो ना, तोच हा शुक्रवार.

एजन्सीकडून केआयडी मागा, म्हणजे की इन्फर्मेशन डॉक्युमेंट. एप्रिल २०२० पासून ते देणं एजन्सीला बंधनकारक आहे, तेही अटी ठरायच्या आधी. पगार कोण देणार, काय काय कापणार, नमुन्यादाखल हातात किती येणार, सगळं त्यात हवं. मी मागितलं तेव्हा "सही केल्यावर पाठवतो" म्हणाले. मी म्हटलं, मग सहीही केआयडीनंतर. अर्ध्या तासात आलं.

अवांतर: एजंट हा प्राणी रेट सांगताना मालकाच्या एनआयचा विषय कधीही काढत नाही. 'इनसाइड ४००' आणि 'पीएवायई ४००' (पीएवायई म्हणजे पगारातूनच कर कापून भरायची पद्धत) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही एजन्सी थेट स्वतःच्या पेरोलवर घेतात, तो रेट दिसायला कमी असतो पण मालकाचा एनआय त्याच्या बाहेर असतो. तो पर्याय आहे का हेही विचारा. असेल तर अंब्रेलाची भानगडच नको.

लेस्टरची_बाई

इथे सगळे आयटीवाले दिसतात, म्हणून माझंही लिहिते. मी शाळांमध्ये सप्लाय टीचर (बदली शिक्षिका) आहे. आमच्याकडे रोज सव्वाशे-दीडशे पौंडांचं काम, त्यामुळे ८२ टक्क्यांचं आमिष कोणी दाखवत नाही. आमच्याकडे वेगळाच खेळ असतो.

एका वर्षी माझ्या पे-स्लिपवरचं कंपनीचं नाव बदललं. करार एका नावाचा, पगार भलत्याच नावाने. काही महिन्यांनी पुन्हा तिसरं नाव. शोध घेतला तर कंपनी नुकतीच नोंदवलेली, संचालक फिलिपिन्समध्ये राहणारी कोणी व्यक्ती. हिला म्हणतात मिनी अंब्रेला. शेकडो चिमुकल्या कंपन्या काढायच्या, प्रत्येकीत मूठभर कामगार टाकायचे आणि छोट्या मालकांना एनआयमध्ये जी एम्प्लॉयमेंट अलाउन्सची सूट मिळते ती प्रत्येक कंपनीच्या नावावर उकळायची. ही सूट आता वर्षाला १०,५०० पौंड आहे, म्हणजे मोह किती ते बघा. व्हॅटमध्येही असंच. आपल्या हातात पगार बरोबर येतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण कंपनी उद्या बुडाली की सुट्टीचे पैसे, आजारपणाचे पैसे कोणाकडे मागायचे?

म्हणून पे-स्लिपवरचं नाव आणि पीएवायई रेफरन्स दर वेळी बघा. ॲपमध्येही तेच नाव हवं. कंपनीज हाऊसच्या (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कचेरीच्या) साइटवर फुकटात कंपनी कधी नोंदवली, संचालक कोण, हिशेब भरलेत का, सगळं दिसतं. संचालकाच्या नावावर टिचकी मारली की त्याच्या आधी बंद पडलेल्या कंपन्यांची रांगही दिसते. मला तर ते पान वाचायचा छंदच लागलाय.

आणि हॉलिडे पे! १२.०७ टक्के. काही कंपन्या तो दर पगारात देतात, काही बाजूला साठवतात. साठवत असतील तर वर्ष संपायच्या आत मागा. न मागितलेले पैसे गिळून बसलेल्या अंब्रेला होत्या. करारात 'वर्षअखेर शिल्लक रद्द' अशी ओळ दिसली तर मी सही करत नाही, त्यांना दर पगारात द्यायला सांगते.

स्लाउकर

सर्वांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

पाचव्या कंपनीला मेल केली: पूर्ण नमुना पे-स्लिप पाठवा, मालकाचा एनआय किती ते लिहून द्या, दुसरा भाग कोणत्या कंपनीकडून येणार तिचं नाव द्या. उत्तर आलं, "या गोष्टी मेलवर नको, फोनवर बोलू." तो विषय संपला.

आता चारपैकी कोणती? एफसीएसए, प्रोफेशनल पासपोर्ट असे शिक्के दिसतात. ते विश्वासार्ह आहेत का? कोणी थेट नावच सुचवलं तर बरं होईल.

संपादक

धाग्यात कंपन्यांची शिफारस किंवा बदनामी नको, ही विनंती. मागच्या वेळी 'समाधानी ग्राहक' म्हणून तीन नवे आयडी उगवले होते, तिघे एकाच पत्त्यावरून. काय तपासायचं यावर चर्चा चालू द्या.

हिशेबनीस

संपादकांशी सहमत. तसंही माझ्या नावावर विसंबून कंपनी घेण्यापेक्षा शिक्के कसे वाचायचे ते पाहा.

एफसीएसए आणि प्रोफेशनल पासपोर्ट या दोन्ही खाजगी संस्था. त्या सदस्य कंपन्यांचे व्यवहार तपासून घेतात, त्यामुळे शिक्का असणं चांगलंच. पण तो सरकारी नाही आणि विमाही नाही. वेबसाइटवरचं चित्र बघून थांबू नका, त्या संस्थेच्या साइटवरच्या यादीत नाव आहे का ते बघा. नुसतं नाव जुळून भागत नाही, कंपनी क्रमांकही जुळला पाहिजे. चांगल्या अंब्रेलाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन, हुबेहूब वेबसाइट काढून लोकांचे पगार वळवल्याचे प्रकार झालेत.

एचएमआरसी आपल्या साइटवर कर टाळण्याच्या योजनांची आणि त्या चालवणाऱ्यांची नावं जाहीर करतं. तीही चाळा. मात्र यादीत नाव नाही म्हणजे कंपनी स्वच्छ असं समजू नका, हे तिथेच लिहिलेलं आहे. आज नाव छापलं की उद्या नवी कंपनी निघते.

मला विचाराल तर मी प्रत्येक अंब्रेलाला एकच सांगतो: ४०० च्या रेटवर, १२५७एल कोडवर, एका आठवड्याची पूर्ण विभागणी पाठवा. ती विभागणी मी वर केली तशा ओळींनी, तशाच क्रमाने यायला हवी. मग गव्ह डॉट यूकेवरच्या हिशेबाशी ताडून बघायची. फी कमी दाखवून 'इतर खर्च' नावाची ओळ घुसवली असेल तर तीही तिथेच सापडते. कोणी प्रवासखर्च, जेवणखर्च वजा करून पगार वाढवून दाखवला तरी सावध व्हा. क्लायंटच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या अंब्रेला कामगारांना घर-ऑफिस प्रवासाची ती सूट एप्रिल २०१६ पासून मिळत नाही.

सोलापूर_टू_साउथॉल

नव्या कायद्याबद्दल कोणी लिहिलं नाही. ६ एप्रिल २०२६ पासून अंब्रेलाने पीएवायई बुडवला तर एजन्सीही जबाबदार, आणि एजन्सी मध्ये नसेल तर क्लायंट. एचएमआरसी त्यांच्याकडून थेट वसूल करू शकतं. त्यामुळेच एजन्स्यांनी याद्या एकदम छोट्या केल्यात.

हिशेबनीस

हो, मोठा बदल आहे. सरकारच्याच अंदाजाने २०२२-२३ मध्ये सुमारे सात लाख लोक अंब्रेलातून काम करत होते आणि त्यातले किमान पावणेतीन लाख वर्षात कधी ना कधी नियम न पाळणाऱ्या कंपनीकडे होते. इतकं झाल्यावर कायदा येणारच होता. एजन्सीच्या यादीतलं नाव आता आधीपेक्षा जास्त तपासलेलं असेल, एवढा फायदा नक्की. पण उत्पन्न तुमचं, त्यावरचा कर तुमचा, हे तत्त्व काही गेलेलं नाही. माहीत असून योजनेत शिरलेल्याला "एजन्सीकडून घ्या" म्हणता येईल, या भ्रमात राहू नका.

भटकंती

अवांतर शंका: मी स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे. चालेल का?

सोलापूर_टू_साउथॉल

नाही हो. तुम्हाला स्पॉन्सर करणाऱ्या मालकाकडेच मुख्य काम करायचं असतं, अंब्रेलातून होत नाही. जोडीदार डिपेंडंट असेल तर तो किंवा ती करू शकते.

आणि स्लाउकर, तुम्ही आता नागरिकत्वाचा अर्ज कराल. त्यात 'गुड कॅरेक्टर' पाहताना कराचे व्यवहारही बघतात. २०१८ मधलं ३२२(५) (इमिग्रेशन नियमांतलं कलम) आठवतं का? टिअर १ जनरल (कुशल लोकांसाठीचा जुना व्हिसा) वाल्या कित्येक भारतीयांचे आयएलआर अर्ज नाकारले होते, कारण होम ऑफिसला दाखवलेलं उत्पन्न आणि एचएमआरसीला दाखवलेलं उत्पन्न जुळत नव्हतं. ते प्रकरण स्वतःच्या धंद्यातल्या उत्पन्नाचं होतं, आणि २०१९ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने होम ऑफिसलाही फटकारलं, की लोकांना खुलासा करायची संधी न देता थेट अप्रामाणिक ठरवू नका. पण दोन खाती ताडून बघता येतात, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

नव्याने_बाबा

माझा रेट ५५० आहे. वर्षाचा ग्रॉस एक लाखाच्या वर जातोय, म्हणजे पोराच्या नर्सरीचे फुकटचे ३० तास जाणार. हातात जास्त यावेत म्हणून कायदेशीर मार्ग काहीच नाही का?

हिशेबनीस

आहे, पेन्शन. अंब्रेला घेताना सॅलरी सॅक्रिफाइस (पगाराचा भाग सोडायचा, तो मालकाने पेन्शनमध्ये भरायचा) आहे का, आणि तुमच्या आवडीच्या पेन्शनमध्ये पैसे टाकतात का, हे आधी विचारा. सगळ्या देत नाहीत, आणि यासाठी आठवड्याला पाच पौंड जास्त फी द्यायला मी तयार असेन. तुमच्या रेटवर वर्षात ४६ आठवडे धरले तर ग्रॉस एक लाख नऊ हजारांच्या आसपास जातो. एक लाखाच्या वरच्या पट्ट्यात टॅक्स आणि एनआय मिळून ६२ टक्के जातात, कारण पर्सनल अलाउन्सही (करमुक्त रक्कम) विरघळत जातो. तेवढा भाग पेन्शनमध्ये वळवला की तो कर वाचतो, नर्सरीचे तास वाचतात आणि रेटमधूनच जाणारा मालकाचा १५ टक्के एनआयही वाचतो. तो वाचलेला एनआय पेन्शनमध्ये घालतात की स्वतः ठेवतात हे लेखी घ्या. एप्रिल २०२९ पासून या पद्धतीतली एनआयची सूट वर्षाला २,००० पौंडांच्या रकमेपुरतीच उरणार आहे, तोवर पुरेपूर वापरा.

स्लाउकर, जुन्या कंपनीचा पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा दाखला) आला की लगेच नव्या अंब्रेलाला द्या, नाहीतर चुकीचा टॅक्स कोड लागू शकतो आणि पहिल्या महिन्यात साठपेक्षा कमी टक्के पाहून तुम्ही मलाच शिव्या घालाल. पहिली पे-स्लिप आली की नाव-पत्ता झाकून आकडे इथे टाका, बघून सांगतो.